गोष्ट आधी लिहू नका!

मंडळी, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा १९७४ साली अमेरिकेत निघालेला, फासे टाकून गोष्ट घडवण्याचा खेळ. आता आपली नातवंडंही खेळतात. पण खेळ चालवणारा सगळी गोष्ट आधीच लिहून आणतो आणि खेळाडूंना त्याच वाटेनं हाकतो. ही तर पाठांतर घेणाऱ्या मास्तरांचीच खोड! आमच्या झाडीपट्टीतली खडी गंमत पाहा: संवाद जागेवर सुचतात, तरी तयारी असतेच.

टिपण माणसांचं करा. समजा, नवेगावबांधचा तलाव, भोवती जंगल. कोण कुठे राहतो, त्याला काय हवं, वैर कुणाशी, आणि खेळाडू फिरकलेच नाहीत तर काय घडेल? ठिकाणागणिक एक पान पुरे. पुढचं पोरांना ठरवू द्या. ज्याला हे सोसवत नाही, त्यानं खुशाल कादंबरी लिहावी!