माहिती अधिकारावर खासगीपणाचा घाला

नोव्हेंबर २०२५ च्या मध्यास केंद्र सरकारने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम जाहीर केले आणि हा २०२३ चा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होईल असे सांगितले. टप्पे कसे आखले ते नीट पाहा. कंपन्यांनी आपली माहिती घेताना संमती घ्यावी, ती सांभाळावी, फुटली तर दंड भरावा, या नागरिकाच्या कामाच्या तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत. मात्र याच कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्यात केलेली दुरुस्ती त्याच दिवसापासून अमलात आली. संरक्षण मिळायला दीड वर्ष थांबायचे आणि हक्क मात्र आजच सोडायचा, असा हा क्रम आहे. कायदा कोणाच्या सोयीसाठी केला, हे एवढ्यावरूनच पुरेसे कळते.

दुरुस्ती दिसायला लहान आहे. माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(जे) वैयक्तिक माहितीबद्दल आहे. जुन्या कलमानुसार अशी माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने कोणाच्या खासगी आयुष्यात विनाकारण ढवळाढवळ होते, हे दाखवावे लागे. तसे असले तरी व्यापक जनहित असेल तर माहिती द्यावीच लागे. शिवाय कलमाच्या शेवटी एक फार मोलाचे परंतुक होते: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करणारी शेतमजूर बाई आणि विधानसभेत प्रश्न विचारणारा आमदार यांना या एका वाक्याने एका पायरीवर बसवले होते. आता हे सगळे गेले. वैयक्तिक माहितीशी संबंधित असलेली माहिती, एवढे चारपाच शब्द शिल्लक राहिले. ना अट, ना अपवाद, ना परंतुक.

सरकार पक्षाचे म्हणणे आधी त्याच्या पूर्ण जोरासकट मांडतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरवले. मूलभूत हक्क मोठा, म्हणून माहिती अधिकाराचा कायदा त्याच्याशी जुळवून घेणे भाग होते. न्यायालयांनी पूर्वीपासूनच, उदाहरणार्थ २०१२ च्या गिरीश देशपांडे प्रकरणात, नोकरदाराची सेवाविषयक माहिती आणि मालमत्तेचा तपशील वैयक्तिक मानला होता. आणि जनहिताचे दार कुठे बंद झाले आहे? कलम ८(२) जसेच्या तसे आहे. जनहित मोठे ठरले तर माहिती आजही देता येते. जी माहिती एखाद्या कायद्याने जाहीर करणे बंधनकारक आहे तिला नव्या कायद्याच्या कलम ३ ने वगळलेलेच आहे. मग तक्रार कशाची?

पुट्टस्वामीच्या निकालापासून सुरुवात करू. हक्कावर मर्यादा घालायची तर कायदा हवा, हेतू वैध हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, अशी कसोटी त्याच निकालातून पुढे आली. माहिती मिळवणे हाही घटनेच्या कलम १९(१)(अ) मधून येणारा हक्क आहे. दोन हक्क समोरासमोर आले की तराजू लागतो. जुन्या ८(१)(जे) मध्ये तो तराजू होता. दुरुस्तीने तो उचलून बाहेर टाकला. खासगीपणाच्या निकालाने मागितले होते संतुलन आणि संसदेने दिली सरसकट मनाई. न्यायालयाने जे सांगितले नाही ते त्याच्या नावावर खपवणे हा त्या निकालावर अन्याय आहे. देशपांडे प्रकरणाचेही तेच. त्या निकालाने माहिती नाकारली हे खरे, पण व्यापक जनहित दाखवले तर ती मिळू शकते हेही त्यातच म्हटले आहे. तो निकाल ज्या शब्दांच्या आधारे दिला गेला, तेच शब्द आता पुसले गेले.

खासगीपणाचा कायदा कसा असावा याचा विचार आपल्याकडे झालाच नव्हता असेही नाही. २०१२ मध्ये न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने स्पष्ट लिहिले होते की माहिती अधिकाराखाली दिलेली माहिती खासगीपणाचा भंग मानू नये. २०१८ मध्ये न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने ८(१)(जे) मध्ये बदल सुचवला, पण तोही संभाव्य हानी आणि पारदर्शकतेतले जनहित तोलून पाहण्याचाच होता. दोघेही मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेले, दोघांनाही खासगीपणाची आस्था. त्यांचा सल्ला बाजूला ठेवून ऑगस्ट २०२३ मध्ये आवाजी मतदानाने जे मंजूर झाले, त्याला ‘जुळवून घेणे’ म्हणता येत नाही.

आता कलम ८(२) पाहू, कारण सरकारचा सारा भरवसा त्यावर आहे. या कलमाखाली अधिकाऱ्याला माहिती देता येईल. दिलीच पाहिजे असे नाही. शिवाय मूळ कायद्याची घडण वेगळी होती. कलम ६(२) सांगते की अर्जदाराला कारण विचारायचे नाही. कलम १९(५) सांगते की नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचे ओझे अधिकाऱ्यावर आहे. आता जनहित दाखवायचे ते अर्जदारानेच, आणि तेही माहिती हातात येण्याआधी. पुलाच्या कामात खोट आहे हे ज्या कागदांवरून कळणार, ते कागद पाहण्यासाठी खोट आहे हे आधी पटवून द्यायचे. कार्यालयातल्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या मनात काय चालते याचाही विचार करा. माहिती विनाकारण नाकारली तर कलम २० खाली रोज २५० रुपये, फार तर २५ हजार रुपये दंड. नव्या कायद्यात मात्र दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे आणि त्या कायद्यातल्या ‘व्यक्ती’च्या व्याख्येत राज्यसंस्थाही येते. तो दंड कारकुनाच्या खिशातून जाणार नाही, पण या आकड्याची भीती साहेबांच्या केबिनपासून टेबलापर्यंत पोचणार. शंका आली की नकार, हाच सुरक्षित मार्ग ठरेल.

कलम ३ चे आश्वासनही पोकळ आहे. मुळात तेही अठरा महिन्यांनी लागू होणाऱ्या तरतुदींत आहे. शिवाय ते फक्त जे जाहीर करणे कायद्याने सक्तीचे आहे त्याच्याबद्दल बोलते. भ्रष्टाचार उघड करणारे कागद सहसा त्या यादीत नसतात. अभियंत्याविरुद्धचा चौकशी अहवाल, ठेकेदाराच्या बिलामागची मोजमाप पुस्तिका, नोकरीला लागताना जोडलेली प्रमाणपत्रे, बदलीची टिपणी हे आपणहून कोणी भिंतीवर लावत नाही. ते मागावे लागतात. आणि नव्या कायद्यात वैयक्तिक डेटाची व्याख्या अशी आहे की ज्या तपशिलावरून एखादा माणूस ओळखता येतो असा कोणताही तपशील तीत बसतो. ज्यावर एकाही माणसाचे नाव किंवा सही नाही अशी सरकारी फाइल कोणी मला दाखवावी.

नावाशिवाय हिशेब तपासता येत नाही, हे या देशाला राजस्थानातल्या मजुरांनी शिकवले. डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना इथे मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावणी भरवली. हजेरीपटावरची नावे, कामाचे दिवस आणि मजुरी गावासमोर मोठ्याने वाचण्याची ती पद्धत. मेलेल्या माणसाच्या नावावर मजुरी उचलली आहे, गाव सोडून गेलेला माणूस कागदावर खडी फोडतो आहे, हे गावाला ऐकताक्षणी कळते. लेखापरीक्षकाला वर्षभर कळत नाही. एकूण किती मजूर, एकूण किती रक्कम, असे बेरजेचे आकडे दिले असते तर तिथे काहीच उघड झाले नसते. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणे धरून लोकांनी हे कागद मागितले. त्या मागणीतून पुढे २००५ चा केंद्रीय कायदा आला. महाराष्ट्राने तर त्याआधीच स्वतःचा कायदा केला होता आणि तो धारदार व्हावा म्हणून इथे उपोषणे झाली होती. हा हक्क दिल्लीने दान केलेला नाही.

महाराष्ट्रात त्याची किंमत काय आहे ते जातीच्या बोगस प्रमाणपत्रांच्या प्रश्नात दिसते. आदिवासींसाठी राखीव असलेल्या जागांवर खोट्या प्रमाणपत्रांनी शिरलेल्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे धुमसत होता. ६ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा लबाडीने मिळवलेल्या नोकरीला संरक्षण नाही असा निकाल दिला. त्यानंतर राज्य सरकारने २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या, पदांवर वर्ग करण्याची वाट काढली. कोणत्या खात्यात असे किती जण, कोणाची जागा अडलेली, हे विचारत आदिवासी कार्यकर्त्यांनी माहिती अधिकाराचे अर्ज केले. आता उत्तर सोपे आहे: जात, प्रमाणपत्र, नियुक्ती ही सगळी वैयक्तिक माहिती. ज्या मुलाची जागा लुबाडली गेली त्याचा हक्क इथे कुठे मोजला जातो?

लाभार्थ्यांच्या याद्यांचेही असेच होईल. लाडकी बहीण योजनेत सुमारे २६ लाख लाभार्थ्यांचे पैसे अपात्रतेच्या संशयावरून थांबवल्याचे महिला व बालविकास खात्यानेच २०२५ मध्ये सांगितले. त्यात हजारो पुरुषांची नावे निघाली. खात्याने संगणकावर याद्या ताडून हे शोधले, पैसे गेल्यानंतर. आपल्या गावात कोणाचे नाव आहे आणि कोणत्या विधवेचे सुटले आहे हे विचारणाऱ्या ग्रामस्थाला आता ८(१)(जे) दाखवता येईल.

इथे कोणी प्रामाणिकपणे विचारेल की मग गरीब बाईच्या खासगीपणाचे काय? तिचा बँक खाते क्रमांक, आधार क्रमांक, आजार हे सगळे चव्हाट्यावर मांडायचे का? अजिबात नाही. माहिती अधिकाराच्या चळवळीतले काही मित्र खासगीपणा हे शहरी, सुखवस्तू लोकांचे खूळ आहे असे म्हणतात, तेही मला मान्य नाही. ज्याच्या खात्यात दीड हजार रुपये आहेत त्याची फसवणूक झाली तर त्याचे घर बुडते. पण गरिबांची ही माहिती फोडली कोणी? बंगळुरूच्या ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ने २०१७ मध्ये दाखवून दिले की पेन्शन आणि रोजगार हमीच्या सरकारी संकेतस्थळांवर सुमारे १३ कोटी लोकांचे आधार क्रमांक उघडे पडले होते, अनेकांच्या बँक खात्यांसह. ते कोणा कार्यकर्त्याच्या अर्जामुळे झाले नव्हते, शासनाच्या बेफिकिरीमुळे झाले होते. आणि या बेफिकिरीवर नव्या कायद्याचा इलाज काय? कलम १७ खाली केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांवरून अधिसूचना काढून या कायद्यातून सूट देऊ शकते. देखरेख करणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाच्या नेमणुकाही केंद्राच्याच हाती. राज्यसंस्थेला नागरिक आरपार दिसावा आणि नागरिकाला राज्यसंस्था दिसू नये, अशी ही रचना आहे.

खासगीपणाचे नाव पुढे करून सत्तेने झाकपाक करण्याची ही पहिली वेळ नव्हे. निवडणूक रोख्यांच्या खटल्यात देणगीदाराच्या खासगीपणाचा युक्तिवाद सरकारने केलाच होता. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी तो तपासला आणि मतदाराचा जाणून घेण्याचा हक्क जड ठरवून योजना रद्द केली. मार्चमध्ये नावे आणि रकमा निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आल्या. कोणाचेही खासगी आयुष्य त्यामुळे उद्ध्वस्त झाले नाही. त्याआधी २००३ मध्ये उमेदवारांनी गुन्हे आणि मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर सांगाव्यात हे न्यायालयाने कायम केले, तेव्हाही हाच आक्षेप होता. आज कोणताही मतदार ती प्रतिज्ञापत्रे मोबाइलवर वाचू शकतो.

माझे म्हणणे असे आहे. खासगीपणाचा हक्क माणसाच्या सत्तेच्या उलट प्रमाणात असला पाहिजे. घरकाम करणाऱ्या बाईला तो सर्वांत जास्त, सार्वजनिक पैशावर सही करणाऱ्याला त्या सहीपुरता शून्य. पगार, नियुक्ती, पात्रता, चौकशी, ठेका, अनुदान ही सार्वजनिक कामाची अंगे आहेत. आजार, कौटुंबिक कलह, खाते क्रमांक, आधार, पत्ता ही नाहीत. या दोन्हींत फरक करण्याचे हत्यार माहिती अधिकार कायद्यात पहिल्यापासून आहे: कलम १०. झाकण्याजोगा भाग वगळून उरलेली माहिती द्यावी, असे ते सांगते. खाते क्रमांकावर काळी पट्टी मारायला एका कारकुनाची पाच मिनिटे लागतात. त्यासाठी देशाचा कायदा बदलावा लागत नाही. म्हणून संसदेने कलम ४४(३) रद्द करावे आणि परंतुकासकट जुने ८(१)(जे) परत आणावे. डेटा संरक्षण कायद्याचा उरलेला भाग राहू द्या. उलट कंपन्यांवरची बंधने लवकर लागू करा आणि राज्यसंस्थेला दिलेली सूट आवळा.

या हक्कासाठी माणसांनी जीव गमावला आहे. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनींचे व्यवहार खणून काढत होते. १३ जानेवारी २०१० ला सकाळी त्यांचा खून झाला. त्यांनी मागितलेल्या कागदांवरही कोणा ना कोणाची नावे होतीच.

वाचकांना एवढीच विनंती की आपल्या अर्जाला ८(१)(जे) चा शिक्का मारून नकार आला तर कागद फाइलला लावून गप्प बसू नका. तीस दिवसांच्या आत प्रथम अपील करा, त्यात कलम ८(२) आणि कलम १० यांचा नाव घेऊन उल्लेख करा, नकाराचे कारण लेखी मागा, आणि तिथेही दाद लागली नाही तर नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे जा. त्या नकाराची एक प्रत आपल्या खासदाराकडे पाठवा आणि त्यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये या दुरुस्तीबद्दल काय भूमिका घेतली ते विचारा.