बियाणे कोणाच्या कणगीत?

जालना जिल्ह्यात बियाण्याविषयी कोणाला काही शिकवावे लागत नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको स्थापन केली आणि पुढे संकरित बियाणे गावोगाव पोहोचले. उत्पन्न वाढले. मात्र संकरित कपाशीची घरची सरकी पेरून तसेच पीक येत नाही, दर मोसमात नवी पिशवी घ्यावी लागते, हा हिशेबही आमच्या अंबड तालुक्यातल्या शेतकऱ्याला तोंडपाठ झाला. विज्ञानाच्या एका दालनात आपले संशोधक आज याच शेतकऱ्याच्या जागी उभे आहेत. तिथले पीक आहे, जीवाणूंकडून करवून घेतलेली मानवी प्रथिने.

माणसाच्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जीवाणू यासाठी राबवला जातो. प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या वर्तुळात मानवी जनुक जोडायचे आणि ते वर्तुळ जीवाणूत सोडायचे. परिस्थिती अनुकूल असेल तर हा जीव वीस मिनिटांत दुप्पट होतो. चक्रवाढ व्याजाची कोष्टके पाहण्यात ज्याची नोकरी गेली, त्या माझ्यासारख्यालाही हा दर चक्रावून टाकतो. दहा तासांत एकाचे शंभर कोटींहून अधिक! आणि त्यातला प्रत्येक जण माणसाचे प्रथिन घडवू शकतो. १९७८ साली अमेरिकेत या रीतीने मानवी इन्सुलिन तयार झाले, १९८२ मध्ये ते औषध म्हणून मान्य झाले. तोवर मधुमेही माणसे गाईगुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर जगत होती.

पण अशी बहुतेक प्रथिने औषधाच्या दुकानापर्यंत येतच नाहीत. ती बोटाएवढ्या कुपीत, ‘केवळ संशोधनासाठी’ अशी चिठ्ठी लावून प्रयोगशाळेत जातात. नवे औषध कर्करोगाच्या प्रथिनाला चिकटते की नाही, एखाद्या चाचणीतले प्रतिपिंड खरे काम करते की नाही, हे पाहायला ती लागतात. त्यांची किंमत मायक्रोग्रॅमवर, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागावर ठरते, आणि आपल्या विद्यापीठांना ती बहुधा परदेशी कंपन्यांच्या यादीतून मागवावी लागतात.

जीवाणू फुकट राबतो, मग माल इतका महाग का? विकणारा लुटतो असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. माणसाचे प्रथिन जीवाणूच्या पेशीत पुष्कळदा गोळा होऊन निकामी पडते. ते विरघळवून पुन्हा योग्य घडीत आणावे लागते. मग हजारो इतर प्रथिनांतून वेगळे करायचे, जीवाणूचे विष काढायचे, शुद्धता तपासायची. काही मानवी प्रथिनांवर शर्करेच्या साखळ्या असतात. त्या या जीवाणूला जोडता येत नाहीत, तिथे प्राण्यांच्या पेशी वापराव्या लागतात. किंमत आहे ती या कसबाची. ज्याच्याकडे प्लास्मिड आणि कसब दोन्ही आहेत, त्याला पीक पुन्हा पुन्हा घेता येते. बाकीच्यांनी दाणा विकत घ्यायचा.

हे कसब आपल्याला साधणार नाही, असे मानायला आधार नाही. शेजारच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, वोक्हार्टने मानवी इन्सुलिन तयार करून २००३ मध्ये बाजारात आणले. तिथे राबले ते यीस्ट, पण विद्या त्याच घराण्यातली. सार्वजनिक पेढीचा नमुनाही घरचाच आहे. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र पेशींचे वाण जतन करून देशभरच्या संशोधकांना पुरवते. अमेरिकेत २००४ पासून अ‍ॅडजीन ही ना-नफा संस्था प्लास्मिडांच्या बाबतीत हेच काम करते. राज्याने प्लास्मिडांची अशी एक पेढी उभारावी आणि प्रत्येक विभागातल्या एका विद्यापीठात शुद्धीकरणाचे केंद्र व शिकलेले हात द्यावेत, एवढीच मागणी आहे.

घरी केलेले प्रथिन कमअस्सल निघाले तर प्रयोगच फसेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून तर प्रत्येकाने आपापल्या खोलीत धडपडण्यापेक्षा तपासणीसह एक केंद्र हवे. खर्चाचे म्हणाल, तर बँकेत शेतकऱ्याचा कर्जाचा अर्ज आला की आम्ही पाहत असू, पैसा खाण्यात जाणार की विहिरीत. आयात कुपीवर गेलेले अनुदान प्रयोगासरशी संपते. पेढीवर घातलेला पैसा पुढच्या तुकड्यांनाही पाणी देतो.

यात पणाला लागते ते आपल्या मुलांचे धाडस. ज्या विद्यार्थ्याच्या अनुदानात दोनच कुप्या बसतात, तो खात्रीचे दोनच प्रयोग करतो. फसण्याची शक्यता असलेला तिसरा तो हातीच घेत नाही. आणि नवे काही सापडायचे असेल, तर ते बहुधा त्या तिसऱ्यातच असते.