सातबाऱ्यावर व्हिसा मिळत नाही

इंग्लंडात, लंडनबाहेरच्या विद्यापीठात शिकायला जायचं तर राहण्या-खाण्यासाठी महिना 1,171 पौंड या दराने 9 महिन्यांचे 10,539 पौंड दाखवावे लागतात. त्यावर पहिल्या वर्षाच्या फीची जी बाकी असेल ती. लंडनसाठी हाच दर महिना 1,529 पौंड. ही रक्कम खात्यावर सलग 28 दिवस हवी. मधे एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. जर्मनी वर्षाचे 11,904 युरो एका गोठवलेल्या खात्यात आधीच भरून घेते. आपल्या रुपयांत दोन्हीकडे बारा लाखांच्या आसपासचा मामला. रक्कम मोठी आहेच, पण बीड जिल्ह्यातल्या पालकाला तिच्याइतकेच ते 28 दिवस नडतात.

कारण ते येतात कधी? सप्टेंबरचा प्रवेश असेल तर जून-जुलैत. गेवराई-माजलगावकडच्या बागायतदाराच्या घरात पैसा येतो तो दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत: कापसाची पट्टी, सोयाबीनची पट्टी, कारखान्याचं उसाचं बिल. जूनमध्ये तोच पैसा बियाण्यात, खतात, पेरणीत जातो आणि वर पीककर्जही घ्यावं लागतं. घर वर्षातून एकदाच मोकळं होतं आणि परदेशातला अधिकारी नेमकं त्याच वेळी पासबुक उघडतो. त्याला यातलं काही ठाऊक नसतं, आणि ठाऊक करून घेणं हे त्याचं कामही नाही.

तरीही ही अट जुलमी आहे असं म्हणता येत नाही. कॅनडाने राहण्याच्या खर्चाची रक्कम सुमारे वीस वर्षं 10,000 डॉलरवर अडकवून ठेवली होती. तेवढ्यात तिथे वर्ष निघत नाही हे सगळ्यांना दिसत होतं. एका खोलीत दाटीवाटीनं राहणारी, मोफत धान्य देणाऱ्या केंद्रांवर रांग लावणारी मुलं बातम्यांत आली, तेव्हा कुठे जानेवारी 2024 पासून ती 20,635 आणि पुढे 22,895 डॉलर झाली. अट सैल ठेवली की तिची किंमत मूल मोजतं: कामाच्या तासांची मर्यादा मोडून, रोखीत, कमी मजुरीवर. शिरूर कासारहून गेलेल्या मुलाला तिथे कुणी ओळखीचं नसतं, त्याच्या हाती वर्षभराचा खर्च असलाच पाहिजे. इथवर वाद नाही.

वाद आहे तो पुराव्याच्या रूपाचा. आपल्याकडे संपत्ती खात्यावर पडून नसते. ती जमिनीत असते, दागिन्यांत असते, भिशीत असते, पतसंस्थेच्या ठेवीत असते, आणि बरीचशी भावकीत असते. यातली जमीन इंग्लंडच्या हिशेबात शून्य. जमिनीचं मूल्यांकन, सीएचा दाखला, आठ-अ यांची जाडजूड फाइल करून देणारे एजंट पुष्कळ आहेत, पण तिथे रोख शिल्लक बघतात, मालमत्ता नाही. पैसाही स्वतःचा किंवा आई-वडिलांचा लागतो. काकाचा चालत नाही. एकत्र कुटुंबात पुतण्याची फी काकाने भरण्यात कुणाला नवल वाटणार नाही, पण नियमाला काका परका.

मग काकाचे पैसे वडिलांच्या खात्यावर फिरवले जातात, आणि हाच मार्ग पुढे एजंटच्या दारात जातो. महिनाभरासाठी ‘बॅलन्स दाखवून’ देतो, व्याज आधी द्या, 28 दिवस झाले की पैसे परत. दोन्ही व्यवहार स्टेटमेंटवर सारखेच दिसतात. फरक एकच: तिसाव्या दिवशी पैसा मुलाचा राहतो की नाही. काकाने खरोखर दिलेला पैसा मुलासोबत जातो. भाड्याचा पैसा परत गेला की मूल तिथे रिकाम्या हातानं उतरतं, म्हणजे अट ज्यासाठी केली तेच हुकतं. आणि खोटेपणा उघडा पडला तर इंग्लंड दहा वर्षं दार लावू शकतं, कॅनडा पाच. एजंटचं यात काही जात नाही, त्याचं व्याज तर आधीच वसूल झालेलं असतं.

या बाबतीत जर्मनीची पद्धत मला अधिक सरळ वाटते. पैसा एकरकमी भरावा लागतो, ते जड आहे. पण तो महिन्याला 992 युरो असा त्याच मुलाच्या हाती परत येतो. वर्षभर परदेशात अडकणारा पैसा महिन्याच्या भाड्यानं कोण देईल? इंग्लंडच्या पद्धतीत पैसा फक्त दिसतो.

इंग्लंडच्या नियमाला एक पळवाट नव्हे, राजमार्ग आहे: मान्यताप्राप्त बँकेचं शैक्षणिक कर्ज मंजूर असेल तर त्या रकमेपुरती 28 दिवसांची अट लागत नाही, मंजुरीचं पत्र पुरतं. पण मोठ्या कर्जाला तारण लागतं, आणि बहुतेक बँका तारण म्हणून शेतजमीन घेत नाहीत, बिगरशेती मालमत्ता मागतात. कारण 2002 च्या सरफेसी कायद्याने शेतजमिनीला जप्तीच्या त्या झटपट वाटेतून वगळलं आहे. हे कलम काढून टाका, असं सुचवायचा मोह होतो. मला तो धोक्याचा वाटतो. दोन पावसाळे कोरडे गेले की हप्ता थकणार, हे ज्या जिल्ह्यात गृहीत धरावं लागतं, तिथे मुलाच्या व्हिसासाठी दहा एकर गहाण पडणं म्हणजे धाकट्या भावंडांचं आयुष्यही त्याच कागदावर चढवणं. उत्तर दुसरीकडे शोधायला हवं: शेतकरी सहकर्जदाराचं उत्पन्न बँकेने उसाच्या बिलांवरून, बाजार समितीच्या पट्ट्यांवरून, खरेदी केंद्राने खात्यावर टाकलेल्या रकमांवरून धरावं. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून अनेक घरांत विवरणपत्रच भरलेलं नसतं आणि बँकेच्या लेखी ते घर बिनकमाईचं ठरतं. कर नसला तरी विवरणपत्र भरायला आणि माल रोखीत न विकायला दोन-तीन वर्षं आधीपासून लागलेलं बरं.

पतसंस्थेतल्या ठेवीबद्दल बीडकरांना वेगळं सांगायला नको. 2023 च्या अखेरीस ज्ञानराधा मल्टिस्टेटचे व्यवहार ठप्प झाले आणि लग्नाचे, शिक्षणाचे, म्हातारपणाचे पैसे एकदमच अडकले. इंग्लंडच्या जुन्या नियमांत, कुणाची कागदपत्रं चालणार नाहीत अशा भारतीय बँकांची यादीच होती आणि तीत सहकारी बँकांचा भरणा होता. तेव्हा ते अपमानास्पद वाटे. आता त्यामागचा संशय समजतो, जरी त्यात चांगल्या संस्थाही भरडल्या गेल्या.

आणि ज्यांच्या घरात दसऱ्याला येणारा पैसा म्हणजे मुकादमाची उचल, म्हणजे कर्जच, त्यांचं काय? आष्टी-पाटोद्यातल्या ऊसतोड कामगाराच्या मुलीसाठी वरची सगळी चर्चा गैरलागू आहे. तिला शिष्यवृत्ती हाच पुरावा. 1913 साली सयाजीरावांनी आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंड दिले, तेव्हा कुणी त्यांच्या घरची शिल्लक विचारली नव्हती. आज अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची, मराठा-कुणबी मुलांसाठी सयाजीरावांच्याच नावाची सारथीची योजना आहे. प्रत्येकी 75 जागा, साऱ्या राज्याला मिळून. सरकारचं पत्र व्हिसाला चालतं. ते हाती वेळेत पडलं पाहिजे, एवढंच. निवडयादी उशिरा लागते ही विद्यार्थ्यांची जुनी तक्रार आहे. यादी लांबली की पात्र मुलगीही ‘तोवर बॅलन्स दाखवून ठेवू’ म्हणणाऱ्याकडे जाते. म्हणजे त्या एजंटला गिऱ्हाईक सरकारच पुरवतं. यादी मेअखेर लावायला जागा वाढवाव्या लागत नाहीत की तिजोरीतून एक रुपया जास्त काढावा लागत नाही. ते आधी करावं. जागांची मागणी त्यानंतर लावून धरता येईल.