आधी हातोडी, मग एमआरआय

एमआरआय काढला की सगळं कळतं, ही समजूत आता पेशंटपुरती उरलेली नाही. कित्येक दवाखान्यांत पेशंटच्या पायाला हात लागण्याआधीच चिठ्ठी लिहून होते. युक्तिवाद असा की यंत्राला आतलं दिसतं, डॉक्टरच्या बोटांना दिसत नाही. मग गुडघ्यावर हातोडी मारण्यात वेळ कशाला घालवायचा?

यंत्राला दिसतं हे खरं, पण जिथे बघायला सांगावं तिथलंच दिसतं. पन्नाशीचा एखादा शेतकरी सांगतो, पाय जड पडतात, चप्पल निसटली तरी कळत नाही, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो. तक्रार पायांची, म्हणून कमरेचा एमआरआय होतो. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकल्याचा रिपोर्ट येतो. ‘नस दबलीय’, ‘मणक्यात गॅप आहे’ असं सांगून पट्टा आणि गोळ्या सुरू होतात.

आजार मात्र दुसरीकडेच असतो. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली नुसत्या नसा. तिथे गादीने नस दाबली तर पाय ढिला पडतो. याचे पाय ताठ आहेत, हातोडी टेकवताच गुडघा उसळतो. तळव्याच्या बाहेरच्या कडेने किल्ली ओढली की अंगठा खाली वळण्याऐवजी वर उठतो. जोसेफ बाबिन्स्की यांनी पॅरिसमध्ये १८९६ साली दाखवून दिलेली हीच ती खूण. टाचणी मांडीवरून हळूहळू वर नेली की बेंबीपाशी तो म्हणतो, ‘आता टोचलं.’ एवढ्यावरून बिघाड मज्जारज्जूत आहे, आणि तोही छातीच्या पातळीवर किंवा त्याहून वर, हे कळतं. आता तिथला एमआरआय काढा. आपल्याकडे अशा जागी मणक्याचा क्षयरोग सापडणं काही नवलाचं नाही. वेळेत औषधं मिळाली, आणि दाब जास्त असेल तर शस्त्रक्रिया झाली, की माणूस पुन्हा चालू शकतो. उशीर झाला तर पाय कायमचे जाऊ शकतात.

कमरेचा तो रिपोर्ट खोटा नव्हता. गादी खरंच सरकलेली असते. ती धडधाकट माणसांचीही सरकते. अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या ९८ जणांच्या एमआरआयचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला, त्यात ५२ टक्के लोकांची निदान एक गादी फुगलेली आढळली. दोष रिपोर्टमध्ये दिसला म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं, हे समीकरणच चुकीचं आहे.

उलटही घडतं. रिपोर्ट नॉर्मल आला की ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ असं सांगून घरी पाठवतात. अर्धशिशी, पार्किन्सन, फिट यांत एमआरआय कितीदा तरी स्वच्छ असतो. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली ज्या सहा रुग्णांवरून त्या आजाराचं वर्णन केलं, त्यांतले काही तर त्यांना रस्त्यावरच दिसले होते. फिटचं निदान बहुतांशी झटका पाहणाऱ्याच्या सांगण्यावरून होतं: मान कुठे वळली, आधी कोणता हात हलला, शुद्ध किती वेळाने आली. हे सगळं पाहिलेल्या आईला किंवा बायकोला बाहेर बसवून केलेली तपासणी मी तपासणी मानत नाही.

पक्षाघातात मात्र मी स्कॅनच्या बाजूचा आहे. अचानक हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, तर आत गुठळी आहे की रक्तस्राव हे हाताने ठरत नाही, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं. तिथे दोन-चार मिनिटांत तपासून थेट सीटी स्कॅनला न्यावं. पण ‘शेवटचे धडधाकट कधी दिसले?’ हे तिथेही घरच्यांनाच विचारावं लागतं.

राहिला वेळेचा प्रश्न. भरगच्च ओपीडीत प्रत्येकाला सावकाश तपासणं कठीण आहे, हे मला मान्य. पण चुकीच्या जागेचा एमआरआय म्हणजे त्या शेतकऱ्याचे हजारो रुपये, जिल्ह्याच्या गावी खेप, बुडालेली मजुरी आणि हातचे गेलेले आठवडे. पाय तपासायला काही मिनिटं पुरतात. चिठ्ठीवर नुसतं ‘कमरेचा एमआरआय’ न लिहिता ‘पाय ताठ, बेंबीखाली संवेदना कमी, मज्जारज्जूवर दाब?’ असं लिहिलं, तर रेडिओलॉजिस्टसुद्धा फोन करून विचारेल, कंबर कशाला, छातीचे मणके बघू या का?