शब्दांची झाडाझडती : ‘फेअर’

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं पुतणीसाठीं स्थळें पाहण्यास प्रारंभ झाला आणि वर्तमानपत्रांतील इंग्रजी जाहिरातीचा मजकूर लिहिण्याचें काम आमच्याकडे आलें. वय, उंची, शिक्षण लिहून होतांच वहिनींनीं बजावलें, “भावोजी, ‘फेअर’ लिहायला विसरूं नका हं!” पुतणी शेजारींच बसली होती. ती म्हणाली, “काका, कोणत्या अर्थानें?”

प्रश्न थट्टेचा खरा, पण त्यानें आमची लेखणी अडली. हें विशेषण मोठें बहुरूपी आहे. न्यायाधीश ‘फेअर’ असला म्हणजे निःपक्षपाती. हवा ‘फेअर’ असली म्हणजे निरभ्र. कच्च्या लिखाणाची ‘फेअर’ प्रत म्हणजे स्वच्छ, आणि हा अर्थ तर ‘फेअर वही’च्या रूपानें आपल्या शाळांतून केव्हांच मराठी झाला आहे. प्रगतिपुस्तकांत गणितापुढें हाच शब्द दिसला तर मात्र वडिलांच्या कपाळाला आठी पडते. तेथें तो नुसता ‘बरा’. (जत्रा या अर्थाचा ‘फेअर’ या कुळांतला नव्हे. तो लॅटिनमधील सणवाचक शब्दापासून आला. साम्य केवळ उच्चाराचें.)

जुन्या इंग्रजींत या शब्दाचा मूळ अर्थ ‘सुंदर’. गोरेपणाचा अर्थ त्याला मागाहून चिकटला, आणि तो सौंदर्याची कल्पनाच बरोबर घेऊन बसला. १६०९ सालीं छापल्या गेलेल्या सुनीतांत सांवळ्या स्त्रीचें वर्णन करतांना शेक्सपिअर याच दोन अर्थांशीं खेळला आहे. आपल्याकडेहि ज्ञानेश्वरांच्या काळीं ‘बरवें’ म्हणजे सुंदर. आज ‘बरा’ म्हणजे उत्तीर्ण होण्यापुरता! शब्द उतरला, पण त्यानें रंग विचारला नाहीं. राम, कृष्ण, विठ्ठल सारे सांवळे. त्यांच्या सौंदर्याविषयीं कोणास शंका आली नाहीं. वधूपरीक्षेच्या वेळीं तेवढी ही उदारता आपणांस आठवत नाहीं. १९७५ सालीं निघालेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या प्रसिद्ध मलमानेंहि २०२० सालीं नांवांतून हा शब्द काढून टाकला. लग्नाच्या जाहिरातींतून तो अद्याप हललेला नाहीं.

आम्हीं तो गाळला. वहिनींनीं दोन दिवस अबोला धरला. पुढें पत्रें आलीं. त्यांपैकीं एकांत विचारणा होती, ‘मुलगी फेअर आहे काय?’

उत्तर पुतणीनें स्वतःच लिहिलें : ‘होय, भांडणांतसुद्धां.’