किस्सा शेअर केलात, आता त्यातला माणूस बघा

'फ्रेंड्स'बद्दलचं 'तुम्हाला हे माहीत आहे का?' टाइपचं एक तरी रील तुमच्या फीडवर येऊन गेलंच असणार. जोईचं काम करणाऱ्या मॅट लब्लांकचा खांदा शूटिंगमध्ये निखळला आणि मग जोईलाही गळ्यात हात अडकवून फिरवलं. लिसा कुड्रो खरोखर गरोदर राहिली म्हणून फीबी तिच्या भावाच्या तिळ्यांची सरोगेट आई झाली. रील संपतं, आपण 'भारीच!' म्हणतो, ग्रुपवर ढकलतो आणि अंगठा पुढच्या रीलवर जातो.

ढकला, बिनधास्त ढकला. असले किस्से मलाही आवडतात. कट्ट्यावर 'अरे, तुला माहितीये का...' म्हणून सुरुवात करण्यात जी मजा आहे, ती कोणी काढून घेऊ नये. माझी तक्रार वेगळी आहे. हे किस्से जिथे खरे इंटरेस्टिंग होतात, नेमके तिथेच आपण थांबतो. खांद्याचंच घ्या. कारखान्यात मशीनवर कोणाचा खांदा निखळला तर आपण त्याला कामावरचा अपघात म्हणतो. सेटवर निखळला की ती ट्रिव्हिया होते. सेट हीसुद्धा कामाची जागा आहे, हे आपल्या लक्षातच येत नाही.

'फ्रेंड्स'चा माझ्या मते सगळ्यात भारी किस्सा रील्समध्ये फारसा दिसत नाही. दुसऱ्या सीझनला त्या सहा जणांचे पैसे सारखे नव्हते. रॉस आणि रेचेलची लव्हस्टोरी हिट झाली होती, त्यामुळे डेव्हिड श्विमर आणि जेनिफर ॲनिस्टनला बाकीच्यांपेक्षा जास्त मिळत होते. श्विमरला स्वतःपुरतं आणखी वाढवून घेणं सहज जमलं असतं. त्याऐवजी त्याने बाकीच्या पाच जणांना सांगितलं की आपण सहाही जणांनी एकत्र जायचं आणि सगळ्यांना सारखेच पैसे मागायचे. 1996 मध्ये, तिसऱ्या सीझनपासून, प्रत्येकाला एका एपिसोडचे 75 हजार डॉलर ठरले. पुढे शेवटच्या दोन सीझनला हाच आकडा प्रत्येकी 10 लाख डॉलरवर गेला. 10 लाखांचं रील तुम्ही पाहिलं असेल. पण तो आकडा आला कुठून? ज्याला जास्त मिळत होतं तो कमी मिळणाऱ्यांसाठी उभा राहिला, तिथून. उद्या तुम्ही इंटर्नशिपला जाल, पहिल्या नोकरीला लागाल, शेजारच्या टेबलावरच्याला किती मिळतात हे विचारायलाही संकोचाल. तेव्हा सेंट्रल पर्कच्या सोफ्याचा रंग आठवून काही उपयोग नाही. हा किस्सा मात्र उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट जरा जड आहे. चॅंडलर कुठल्या सीझनला बारीक आणि कुठल्या सीझनला जाड, याचे फोटो शेजारी शेजारी लावलेल्या पोस्ट वर्षानुवर्षं फिरत होत्या. मॅथ्यू पेरीने 2022 च्या आत्मकथनात त्याचं कारण स्वतःच सांगितलं. त्याच्या वजनावरून तो त्या वेळी दारूत अडकला होता की पेनकिलरच्या गोळ्यांत, हे ओळखता येतं असं त्याने लिहिलंय. मोनिका-चॅंडलरच्या लग्नाचा एपिसोड शूट झाल्यावर तो घरी गेला नाही, त्याला परत व्यसनमुक्ती केंद्रात नेण्यात आलं. तिसऱ्या ते सहाव्या सीझनच्या मधलं बरंचसं आपल्याला आठवतच नाही, असं तो 2016 मध्ये एका मुलाखतीत म्हणाला होता. आपल्याला पाठ असलेले जोक करणाऱ्यालाच ते आठवत नव्हते! ऑक्टोबर 2023 मध्ये तो गेला. ज्याला आपण ट्रिव्हिया म्हणत होतो तो एका माणसाचा आजार होता. पुढच्या वेळी 'ही हिरॉइन बघ किती सुजलीये' अशी पोस्ट दिसली, तर एवढं आठवा.

'गेम ऑफ थ्रोन्स'चा कॉफीचा कप तर जगप्रसिद्ध आहे. मे 2019 मध्ये डेनेरिसच्या समोर टेबलावर तो राहून गेला आणि इंटरनेटने यथेच्छ धुलाई केली. मीम्स धमाल होते, वाद नाही. पण त्याच सीझनमधल्या विंटरफेलच्या लढाईसाठी युनिटने उत्तर आयर्लंडच्या थंडीत 55 रात्री शूटिंग केलं होतं. मेकअपवाले, लाइटवाले, घोडे सांभाळणारे, सगळे रात्रभर उभे. सेमिस्टरच्या सबमिशनला दोन रात्री जागलात तरी तिसऱ्या दिवशी आपण पेनचं टोपण शर्टाला आणि पेन फ्रीजमध्ये ठेवतो. म्हणजे लढाईच्या त्या रात्रींमुळेच कप राहिला असं नाही. पण कप सगळ्यांना माहीत आणि 55 रात्री मोजक्यांना, हे काही बरोबर वाटत नाही.

आता घराजवळ या. आपल्या मराठी मालिका सातारा, कोल्हापूर, सिंधुदुर्गात जाऊन शूट होतात. कोणाचा वाडा कुठल्या गावात, हे आपल्याला तोंडपाठ असतं. तिथे जाऊन सेल्फीही काढतो. ऑगस्ट 2020 आठवतोय? तुम्ही तेव्हा शाळेत असाल. कोरोनामुळे 65 वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर बंदी होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, कारण ज्येष्ठ कलाकारांचा प्रश्न साधा होता : घरी बसलो तर खायचं काय? आणि सप्टेंबरमध्ये साताऱ्यात 'आई माझी काळूबाई' या मालिकेचं शूटिंग चालू असताना युनिटमध्ये कोरोना पसरला, त्यात आशालता वाबगावकर गेल्या. 79 वर्षांच्या होत्या. बंदी घातली तर पोट, उठवली तर जीव. याला कुठल्याही बाजूने सोपं उत्तर नाही, म्हणूनच त्यावर बोलायला हवं. त्याच लॉकडाऊनमध्ये आणखी एक गोष्ट उघड्यावर आली. टीव्हीवर आज केलेल्या कामाचे पैसे साधारण 90 दिवसांनी हातात येण्याची पद्धत आहे. रोज संध्याकाळी आपल्या घरात दिसणारा माणूस तीन महिने उधारीवर दिसत असतो.

'एवढं सीरियस कशाला? मालिका टाइमपाससाठी बघतो,' असं कोणीतरी म्हणणारच. बघा की टाइमपास म्हणून. फक्त तुमच्यापैकी कितीतरी जण मास मीडिया करताय, एकांकिका करताय, ऑडिशनला रांगा लावताय, एडिटिंग शिकताय. पडद्यामागच्या ज्या जगाचे किस्से आपण फॉरवर्ड करतो, तिथेच तुम्ही उद्या कामाला जाणार आहात. तिथली शिफ्ट किती तासांची, पैसे कधी मिळतात, लागलं-खुपलं तर कोण बघतं, हे तुमचेच प्रश्न आहेत.

म्हणून दोनच गोष्टी करा. किस्सा ढकलण्याआधी तो कोणी सांगितलाय ते बघा. खुद्द कलाकाराने मुलाखतीत किंवा पुस्तकात सांगितला असेल तर उत्तम. नुसतं म्युझिक लावून कोणीतरी चिकटवला असेल तर जरा थांबा. आणि मग स्वतःला विचारा, हे घडलं तेव्हा तिथे कोण काम करत होतं आणि त्याचं पुढे काय झालं? उत्तर शोधायला दहा मिनिटं लागतील. पण ते मिळालं की कट्ट्यावर सांगायला तुमच्याकडे रीलपेक्षा मोठी गोष्ट असेल.