कोपरा धरून ओढा

माणसाचं मोठेपण कशानं वाढतं याबद्दल संतांची मतं काहीही असोत. चित्राचं मोठेपण कोपरा धरून ओढलं की वाढतं, याबद्दल आमच्या घराण्यात दुमत नाही. मी या मताच्या सक्त विरुद्ध आहे. घरात माझं कोणी ऐकत नाही, म्हणून इथे लिहितो.

प्रसंग आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचा. कार्यालयाच्या दारात १० फूट रुंद आणि ८ फूट उंच फ्लेक्स लावायचा व त्यावर आईचा १९६५ सालचा लग्नातला फोटो छापायचा, असा ठराव दादानं मांडला आणि दादानंच तो एकमतानं मंजूर केला. माझ्या घरी कॉम्प्युटर आहे आणि मी निवृत्त आहे, या दोन भक्कम कारणांवरून चित्र तयार करण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. पुतण्यानं अल्बमवर मोबाइल धरून फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर पाठवून दिला.

"पण हा फ्लेक्सएवढा कसा व्हायचा रे?" मी विचारलं.

"काका, त्यात काय आहे? कोपरा धरायचा आणि ओढायचं!"

मी जन्मभर हिशेबाच्या वह्या तपासलेला माणूस. ओढण्यापूर्वी मोजलं. त्या फोटोची रुंदी १६०० ठिपक्यांची होती. (यांनाच जाणकार लोक पिक्सेल म्हणतात.) १० फूट म्हणजे १२० इंच. भागाकार तिसरीतल्या पोरालाही येईल : इंचाला १३ ठिपके. म्हणजे एकेक ठिपका जवळजवळ दोन मिलिमीटरचा, चांगला मोहरीएवढा. आईचं नाक मोहरीच्या दाण्यांनी मांडावं लागणार! कोपरा ओढल्यानं ठिपके वाढत नाहीत, फुगतात. चार माणसांच्या आमटीत पाणी ओतून ती चाळीस जणांना वाढण्यातलाच हा प्रकार.

शेजारच्या जाणकारांनी दुसरं टोक गाठलं. "इंचाला ३०० ठिपके हवेतच. त्याखाली छपाई नाही!" पुन्हा मोजलं. ३६,००० गुणिले २८,८००, म्हणजे १०३ कोटींवर ठिपके. छपाईच्या चार शायांच्या हिशेबानं प्रत्येक ठिपक्याला चार बाइट धरले, तर चारशे कोटींवर बाइट. फोटोशॉपची नेहमीची फाइल एका बाजूला ३०,००० ठिपक्यांच्या पुढे जातच नाही, हे तेव्हा कळलं. माझ्या कॉम्प्युटरचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला. "अहो, जळेल ते!" ही स्वयंपाकघरातून ओरडली. अहो, ३०० हा आकडा हातात धरून वाचायच्या पुस्तकाचा. रस्त्यावरच्या फलकाला ७२ सुद्धा रग्गड होतात.

फ्लेक्सवाला तर त्याहून उदार निघाला. "चालतंय की साहेब. फ्लेक्स लांबूनच बघायचा असतो." त्याचं खोटं नव्हतं. वीस-पंचवीस फुटांवरून मोहरीचा दाणा कोणाला दिसतो? पण माझं भांडण नेमकं तिथेच आहे. पुढाऱ्याचा फोटो लांबूनच बघावा, त्यात दोघांचंही हित असतं. आईचा फोटो लोकांनी पंचवीस फुटांवरून का बघावा?

मग पुतण्यानं ब्रह्मास्त्र काढलं. "काका, आता एआय आहे ना! नसलेले ठिपके ते स्वतः भरतं." पाच मिनिटांत फोटो लख्ख झाला. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा. आम्ही तो आईपुढे धरला. आई चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली,

"ही कोण रे?"

"तू! लग्नातली!"

"मग माझे देवीचे वण कुठे गेले?"

सगळे गप्प. देवीचा रोग जगातून गेल्याचं १९८० साली जाहीर झालं. आईच्या गालावरून तो आमच्या घरच्या कॉम्प्युटरनं आता घालवला. त्या यंत्राला वण म्हणजे डाग वाटले. त्याला काय ठाऊक, की त्या वणांपायी तीन स्थळांनी नकार कळवला होता, आणि चौथं स्थळ म्हणजे आमचे अण्णा? फोटोतले वण गेले, म्हणजे अण्णांचा होकारही गेला. उरली ती कोणीही नाकारली नसती अशी एक गुळगुळीत बाई.

दादानं वकिली केली. "पूर्वीचे पेंटर तरी काय करत होते? लहान फोटोवर चौकटी आखायच्या, कापडावर मोठ्या चौकटी आखायच्या, आणि मधलं मनानंच भरायचं."

कबूल. सिनेमाचे फलक तसेच रंगत, खुद्द एम. एफ. हुसेन यांनी तरुणपणी मुंबईत ते काम केलं. पण पेंटरनं रंगवलेलं चित्र हे चित्र असतं, आणि चुकलं तर जाब विचारायला समोर पेंटर असतो. हे यंत्र मनचं भरतं आणि वर त्याला फोटो म्हणतं. जाब विचारावा तर ते पुन्हा तिसरीच बाई काढून देतं.

अखेर मी अल्बममधून मूळ फोटो काढला. सहा बाय चार इंचांचा. गावच्या फोटोग्राफरनं रिटचिंगचे वेगळे पैसे मागितले होते आणि आजोबांनी ते दिले नव्हते, त्यामुळे वण शाबूत होते. स्कॅनरवर इंचाला ६०० ठिपके लावले; त्याच्या वर जाऊन कागदाचे धागेच तेवढे मिळाले असते. आले ३६०० गुणिले २४०० ठिपके. तीन फूट बाय दोन फुटांचा छाप काढला, तर इंचाला १०० पडतात. फोटो तेवढाच मोठा झाला, त्यापुढे एक इंच नाही.

दादाचे १० फूटही मी बुडवले नाहीत. दारातल्या फ्लेक्सवर आईचं नाव घातलं. अक्षरं रेषांनी बनतात, ती गावाएवढी ताणली तरी फाटत नाहीत. फक्त फाइल देण्याआधी त्यांच्या बाह्यरेषा करून घ्याव्या लागतात. नाहीतर आपला फॉन्ट दुकानातल्या कॉम्प्युटरवर नसतो आणि 'शुभेच्छा'तली मात्रा, उकार कुठेतरी भलतीकडे जाऊन बसतात.

कार्याच्या दिवशी माणसं नावाखालून आत आली आणि फोटोशी जाऊन थांबली. धाकट्या मावशीनं तर नाक लावायचं तेवढं बाकी ठेवलं. मग आईच्या गालावर बोट टेकवून म्हणाली, "हीच ती. आम्ही दोघी एकदमच आजारी होतो."

मी विजयी मुद्रेनं दादाकडे पाहिलं. तो दोन पावलं मागे सरकून, एक डोळा मिटून फोटोचा अंदाज घेत होता.

"छान झालाय," तो म्हणाला, "पण कोपरा धरून जरासा ओढायला हवा होता."